एकच कान आणि दोन बाजूंचं गाणं

ते गाणं मला पाठ होतं. कॉलेजपासून शंभर वेळा तरी ऐकलं असेल. एका रविवारी सकाळी मिसळ खायला बसलो होतो. हॉटेलात कोपऱ्यातल्या फळीवर दोन जुनाट स्पीकर होते आणि त्यांवर तेच गाणं लागलं. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी बासरी वाजली. माझा घास हातातच राहिला. कट वाढायला आलेल्या पोराला विचारलं, "हे दुसऱ्या कुणी म्हटलंय काय रे?" तो म्हणाला, "न्हाई ओ मामा, त्येच जुनं हाय की."

घरी येऊन इयरफोनची अदलाबदल केली. डावा इयरबड उजव्या कानात घातला, तर बासरी तिथं होती. लहानपणी गालगुंड आले होते, त्यात माझा डावा कान कायमचा गेला. त्यामुळे डावा इयरबड मी कधी कानात घालतच नसे, तो छातीवर लोंबत असायचा. म्हणजे इतकी वर्षं ती बासरी माझ्या शर्टाच्या गुंडीसाठी वाजत होती.

ज्यांचा एक कान अलीकडे गेलाय, किंवा लहानपणीच गेलाय पण गाण्याचा नाद आत्ता लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आवाज वाढवून यातलं काही सुटत नाही, उलट उरलेल्या कानाची वाट लागते.

आधी दवाखाना

कान जुना गेलेला असेल तर हा भाग सोडून पुढे चला. पण सकाळी उठलात आणि एक कान बंद, आत घूं आवाज, थोडी चक्कर, असं झालं असेल तर गाण्याबिण्याचं नंतर बघू. "सर्दी असेल, पाणी गेलं असेल, मळ असेल" म्हणत तेल घालून आठवडा काढणारे घरोघरी असतात. आतल्या कानाचं ऐकणं असं अचानक गेलं तर स्टिरॉइडचे उपचार करतात, आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच फायद्याची आशा जास्त. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. मळच निघाला तर फार उत्तम, तोही डॉक्टरांनाच काढू द्या. किल्ली, काडी, पिन काही आत घालू नका.

नेमकं काय हरवतं

स्टिरिओ म्हणजे एकाच गाण्याचे दोन धागे. एक डावीकडचा, एक उजवीकडचा. गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही धाग्यांत सारखाच असतो, म्हणून तो डोक्याच्या मध्यभागी ऐकू येतो. वाद्यं मात्र वाटून दिलेली असतात. तबला थोडा एका अंगाला, व्हायोलिनचा ताफा दुसऱ्या अंगाला, एक तानपुरा इकडे, एक तिकडे. जुगलबंदीच्या रेकॉर्डिंगमध्ये तर एक वाद्य जवळजवळ पूर्ण डावीकडे आणि दुसरं उजवीकडे ठेवायची पद्धत आहे. एकाच इयरबडने ऐकणाऱ्याला वाटतं की एकटाच कलाकार मधेमधे उगीच थांबतोय. साठच्या दशकातल्या विलायती रेकॉर्डींची तऱ्हा याहून वाईट. बीटल्स या बँडच्या सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्डींत गाणारे एका बाजूला आणि वाजवणारे दुसऱ्या बाजूला, अशी सरळ वाटणी आहे. चुकीचा कान शाबूत असेल तर गाण्यातून गायकच गायब.

तुमचं काय हरवतंय ते आधी बघून घ्या. यूट्यूबवर "लेफ्ट राइट ऑडिओ टेस्ट" शोधा. त्यात एक बाई आधी "लेफ्ट" म्हणते, मग "राइट" म्हणते. इयरफोन नेहमीसारखे घाला. यातला एकच शब्द ऐकू आला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ही क्लिप सेव्ह करून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागेल.

फोनमध्ये मोनो चालू करा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि निम्म्याहून जास्त दुखणं इथंच संपतं. मोनो म्हणजे दोन्ही धागे एकत्र पिळून तयार केलेला एकच धागा, आणि तोच दोन्ही कानांकडे पाठवायचा.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ अँड व्हिज्युअल, तिथं मोनो ऑडिओ. सॅमसंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या आत हिअरिंग एन्हान्समेंट्स, तिथं मोनो ऑडिओ. बाकीच्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या आतच असतं, पण प्रत्येक कंपनीची गल्ली वेगळी. शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "मोनो" टाइप करा, मराठीत नाही सापडलं तर इंग्रजीत. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ, आणि तिथं मोनोचं बटण. मॅकवर ॲक्सेसिबिलिटीच्या ऑडिओत "स्टिरिओ मोनोमध्ये वाजवा" अशा अर्थाचा पर्याय आहे.

चालू केलंत की ती टेस्ट क्लिप परत लावा. आता "लेफ्ट" आणि "राइट" हे दोन्ही शब्द तुमच्या चांगल्या कानात यायला हवेत. आले, तर आवडीचं एखादं जुनं गाणं लावा आणि खुर्चीत बसून ऐका, उभ्याने नको. मी हे पहिल्यांदा केलं त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो, आणि सकाळी ऑफिसात डोळे चोळत बसलो होतो.

बॅलन्सच्या भानगडीत पडू नका

नवख्यांची हमखास चूक इथं होते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोबाईलच्या दुकानात मी एकदा अडचण सांगितली. तिथल्या भावानं फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये बॅलन्सची पट्टी शोधली आणि ती पूर्ण उजवीकडे सरकवली. "बास, झालं ओ. आता सगळा आवाज उजव्या कानात." आवाज उजव्याच कानात येत होता, पण उजवाच धागा येत होता. डावा धागा त्या पट्टीने बंद करून टाकला होता. बॅलन्स म्हणजे दोन नळांपैकी एक बंद करणं. त्याने दुसऱ्या नळाला जास्तीचं पाणी येत नाही. दोन्ही नळ एकाच बादलीत सोडायचे असतील तर मोनोच लागतो.

मोनो चालू असताना बॅलन्स एका बाजूला ढकललात तर हरकत नाही, कारण तेव्हा दोन्हीकडे एकच पाणी असतं. शेजारी झोपलेल्या माणसाला निकामी बाजूच्या इयरबडची कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून मी तसं करतो.

मोनोनंतरची रड

मोनोने सगळं जसंच्या तसं परत येतं असं मात्र नाही. दोन्ही बाजूंना सारखा असलेला गायकाचा आवाज जागच्या जागी राहतो आणि एकाच बाजूला असलेली वाद्यं थोडी मागे सरकतात. माझी बासरी परत आली, पण मिसळीच्या दुकानातल्यापेक्षा जराशी बारीक होऊन. काही नव्या गाण्यांत कीबोर्ड किंवा कोरस "रुंद" वाटावा म्हणून दोन बाजूंना एकमेकांच्या उलट्या लाटा टाकलेल्या असतात. त्या एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात, आणि तो कीबोर्ड पोकळ तरी वाटतो किंवा पार नाहीसा होतो. तुमच्या कानाचा यात काही दोष नाही.

एक वेगळा प्रकार वायरवाल्या इयरफोनवाल्यांनी ध्यानात ठेवावा. मोनो चालू केलं आणि गाणंच बंद पडलं, किंवा भुतासारखं लांबून ऐकू यायला लागलं, तर सेटिंगला शिव्या घालण्याआधी जॅक बघा. त्या ३.५ मिमीच्या पिनवर काळ्या कड्या असतात. टोकाला डावा धागा, मधल्या धातूच्या पट्टीवर उजवा, आणि त्यामागे दोघांची परतीची वायर. ही परतीची वायर तुटली किंवा जॅक पूर्ण आत बसला नाही, तर कानात दोन धाग्यांमधला फक्त फरक येतो. स्टिरिओत तेव्हा गायक गायब होतो आणि मागचा घुमारा तेवढा उरतो. मोनोत तर दोन्ही धागे सारखेच, त्यामुळे फरक शून्य आणि आवाजही जवळजवळ शून्य. जॅक फिरवून नीट दाबा. तरी नाही आलं तर इयरफोन बदला.

कुठला इयरफोन घ्यावा

वायरवाला स्वस्त इयरफोन आणि फोनमध्ये मोनो, एवढ्यावर वर्षानुवर्षं भागतं. लोंबणारी दुसरी बाजू मी मानेमागून घेऊन रबरबँडने वायरला बांधतो. सुरुवातीला ती कापून टाकावीशी वाटते. कापू नका. आतल्या बारीक तारा एकमेकींना चिकटल्या की फोनवर ताण येतो, शिवाय कधी घरच्यांना सोबत ऐकवायचं तर तोच दुसरा तुकडा कामाला येतो.

ॲम्प्लिफायर किंवा जुन्या टेपला मोनोचं बटण नसेल तर काही जण डावी-उजवी वायर सरळ एकत्र जोडून एक पिन काढून देतात. तसं करू नका. दोन आउटपुट एकमेकांवर ढकलाढकली करत बसतात, आवाज फाटतो, आणि यंत्र बिघडायचीही भीती. कारागिराला प्रत्येक वायरीत साधारण ५०० ते १००० ओहमचा एकेक रेझिस्टर टाकून मग जोडायला सांगा. दोन-चार रुपयांचा माल आहे. स्पीकरला जाणाऱ्या जाड वायरी मात्र कुठल्याही परिस्थितीत एकत्र करायच्या नाहीत, रेझिस्टर असो वा नसो.

ब्लूटूथचे सुटे इयरबड घेणार असाल तर दुकानातच डबीतून एकच इयरबड काढा, आपल्या कानाच्या बाजूचा, आणि टेस्ट क्लिप लावा. बऱ्याच जोड्या एकटा इयरबड वापरला की स्वतःहून मोनो होतात, काही होत नाहीत. होत नसेल तरी फोनचं मोनो आहेच. डबीतला दुसरा भाऊ मात्र जन्मभर न वापरलेला राहतो, नवा कोरा, आणि पैसे दोघांचे मोजलेले असतात. याचं दुःख कमी कसं करायचं ते मला अजून जमलेलं नाही.

हाडातून ऐकवणारे हेडफोन ही आपल्यासारख्यांसाठी खरी मजेची वस्तू आहे. ते कानात जात नाहीत, कानापुढच्या हाडावर टेकतात आणि कवटी थरथरवतात. हाडातून गेलेला आवाज डोक्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फारसा न घटता पोचतो. म्हणजे मेलेल्या कानाच्या बाजूला टेकवलेला तुकडाही चांगल्या कानाच्या आतल्या शंखापर्यंत आवाज नेतो. दोन धागे तुमच्या कवटीतच एकत्र होतात, मोनोचं बटण न दाबता. खर्ज त्यात बेताचा, तबल्याचा डग्गा पुठ्ठ्यावर थापल्यासारखा वाटतो. पण चांगला कान उघडा राहतो, आणि एकच कान असलेल्याला त्याची किंमत कळते.

श्रवणयंत्रांत क्रॉस नावाचा एक प्रकार आहे. बंद कानामागे माइक बसतो आणि तिकडचा आवाज बिनतारी चालू कानातल्या यंत्राकडे पाठवतो. माणसांशी बोलताना त्याचा उपयोग होतो. गाण्यासाठी घ्यायचं असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे बसून, स्वतःच्या आवडीची गाणी लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी स्पीकरच बरा

इयरफोनवर डावा धागा फक्त डाव्या कानाला भेटतो. स्पीकर दोन असले तरी दोघांचा आवाज खोलीत पसरतो, भिंतींवर आपटतो आणि एका कानालाही दोन्ही धागे मिळतात. त्या मिसळीच्या हॉटेलात मला बासरी ऐकू आली ती याचमुळे. तेव्हा घरी असताना इयरफोन खुंटीला टांगा.

एकच स्पीकर असेल तर तो चांगल्या कानाच्या बाजूला, जरा पुढे ठेवा. डोकं आडवं आलं की खर्जाचा आवाज वळसा घालून येतो, पण टाळ, झांज, चिपळ्या, "स"-"श" असले बारीक आवाज डोक्याच्या सावलीत अडकतात. दोन स्पीकर असतील तर खुर्ची बरोबर मध्यभागी ठेवायचा आग्रह सोडा. मी खुर्ची थोडी तिरकी करून उजवा कान दोघांच्या मधोमध येईल असं बसतो. पाहुणे विचारतात, भिंतीकडे तोंड करून का बसलाय म्हणून.

आवाज कुठल्या दिशेने येतोय हे एका कानाला कळणं अवघड आहे, कारण त्यासाठी मेंदू दोन कानांतला एका मिलिसेकंदाहूनही कमी अंतराचा फरक मोजतो. पण जवळ-लांब कळतं. तानपुरा मागे आहे आणि गायक पुढे आहे हे घुमाऱ्यावरून ओळखता येतं. सुरुवातीला सपाट वाटेल, मग हळूहळू आवाजाची ही मागची-पुढची खोली जाणवायला लागते. मला साधारण एक पावसाळा लागला.

आपल्यासाठीच केलेलं संगीत

काही रेकॉर्डिंग अशी आहेत की तिथं दोन कानवाला आणि एक कानवाला सारखेच. ॲलन ब्लमलाइन नावाच्या इंजिनिअरने लंडनमध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९३१ च्या डिसेंबरात. त्याच सुमाराला इथं कोल्हापुरात प्रभात कंपनीचा "अयोध्येचा राजा" तयार होत होता, तो १९३२ ला आला, मराठीतला पहिला बोलपट. एकच धागा. पुढची पंचवीस वर्षं आपल्याकडचं सगळं तसंच. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचं गीतरामायण १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर लागायचं. त्या प्रक्षेपणात डावं-उजवं काही नव्हतंच. कोल्हापूरचे दरबारगायक अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची तबकडी घ्या. त्यांची भैरवी, "जात कहाँ हो", १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. ती ऐकताना माझ्या उजव्या कानात जेवढं येतं तेवढंच तुमच्या दोन्ही कानांत येतं, कणभरही जास्त नाही. सुरुवात इथून करा, मन लवकर रमतं.

आणि ब्रायन विल्सन. बीच बॉइज या अमेरिकन बँडचा हा संगीतकार उजव्या कानाने जवळजवळ बहिरा होता. त्याचा "पेट साउंड्स" हा अल्बम १९६६ ला मोनोतच निघाला. खरी स्टिरिओ आवृत्ती यायला तीसेक वर्षं लागली. जुन्या अल्बमची मोनो आणि स्टिरिओ अशी दोन रूपं मिळत असतील तर मोनोचं घ्या. ते मोनो कुणीतरी कान लावून बसवलेलं असतं, फोनने घाईत पिळलेलं नसतं.

मैफलीत कुठं बसायचं

उजवा कान चांगला असेल तर रंगमंचाकडे तोंड केल्यावर आपल्या डाव्या हाताच्या बाजूला बसा, म्हणजे रंगमंच आपोआप उजव्या कानासमोर येतो. डावा चांगला असेल तर उलट. गायन समाज देवल क्लबसारख्या ठिकाणी, १८८३ पासून चालत आलेल्या या संस्थेत, मैफल ऐकायला गेलात तर लवकर जा आणि भिंतीकडची खुर्ची पकडा. बहुतेक गवयांच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी असते. म्हणजे आपण डावीकडे बसलो की तबला जवळ येतो, पेटी लांब जाते. पेटीचा सोस असेल तर दोन-तीन रांगा मागे सरका. स्पीकरच्या खांबाखाली मात्र कधीच नको. सोबत्याला चांगल्या कानाकडे बसवायचा मोह होतो, पण तो मैफलभर "वा, वा" करणारा असेल तर त्याला दुसऱ्या बाजूला टाका.

रस्त्यावर आणि डॉल्बीसमोर

चांगल्या कानात इयरबड घालून गाडी चालवायची नाही, रस्ताही ओलांडायचा नाही. बाकीच्यांचा एक कान तरी उघडा असतो, आपण पूर्ण बहिरे झालेलो असतो. एसटीतही कंडक्टरने तिकीट मागितलेलं कळत नाही. मी बंद कान खिडकीकडे करून बसतो.

आता डॉल्बी. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे थिएटर नव्हे. ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ऐकलं तर चालतं. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० ला आठवड्याचे ४ तास, १०० ला २० मिनिटं. विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर अशा भिंतीसमोर उभं राहिलात तर आठवड्याचा कोटा एका गाण्यात उडेल, आणि आपल्याकडे राखीव कान नाही.

फोमचे कानबोळे मेडिकलमध्ये मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, मग बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवला तर काही उपयोग नाही. बरोबर बसला तर वीसेक डेसिबल सहज कमी होतात. पण मग मागून येणारा ट्रॅक्टरही ऐकू येत नाही, म्हणून एकट्याने जाऊ नका. माझी बायको पापाची तिकटी या चौकात माझा शर्ट मागून मुठीत धरून चालते. एक ओढ म्हणजे थांब, दोन म्हणजे बाजूला हो.